पत्त्यातलं पहिलं नाव

हल्ली कुठेही भाषणाला गेले की शेवटी एकच प्रश्न येतो. "मॅडम, म्हातारपणी विसरायला होऊ नये म्हणून काय खावं?" विचारणारा साधारण साठीचा असतो, मांडीवर वही असते, आणि मी यादी सांगेन म्हणून पेन उघडून बसलेला असतो. मी सांगते, जे खात आलात तेच खा, आणि जिच्या हातचं खाता तिला नीट वागवा. लोक हसतात. त्यांना वाटतं बाईंनी गंमत केली. मी गंमत करत नसते. मला राग आलेला असतो, आणि तो आजचा नाही.

हळद, मिरी, कढीपत्ता, शेवग्याचा पाला यांच्यातली कुठली द्रव्यं म्हातारपणी मेंदूला सांभाळतात, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी सांगलीची, हळदीच्या पोत्यांच्या वासात वाढलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आले तेव्हा तमिळ ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रयोगशाळेत भाषेवाचून अडत नाही. शहराच्या दक्षिणेकडच्या एका संस्थेत मला जागा मिळाली, आणि काही वर्षं मी हळदीचा अर्क काढून उंदरांना पाजत होते. मग त्यांना पाण्याच्या टाकीत सोडायचं आणि बुडालेली पायरी ते किती वेळात शोधतात ते घड्याळ लावून बघायचं. उंदरांनी मला कधी त्रास दिला नाही.

दोन हजार साल उलटून तीनेक वर्षं झाली असतील. आमच्या विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, डोक्यात आलं की उंदीर पुरे झाले, आता माणसं घेऊ. शहरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, ती काय खातात ते मोजून लिहायचं, त्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी घ्यायची, आणि दोन वर्षांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायची. सर स्वतः कुणाच्या घरी जाणार नव्हते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मला म्हणाले, "तुम्ही मराठी ना? मग तंजावरची मराठी घरं तुमच्याकडे."

ही घरं म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर तंजावरला गेलेल्या लोकांची. त्यांतली बरीच पुढे नोकरीसाठी चेन्नईत आली. कारकून, मास्तर, वकील, बँकवाले. घरात मराठी बोलतात, पण ती अशी की आपल्याला पोथी वाचल्यासारखी वाटते, मध्येच तमिळ शब्द, आणि सूर सगळा तमिळ. मला ती फार आवडायची. त्यांना माझी आवडायची नाही.

चाचणीचा मूळ फॉर्म परदेशातून आलेला. तमिळ भाषांतर माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तमिळ सहकारी बाईने केलं, मराठी मी. त्यात एक पत्ता लक्षात ठेवायचा असतो. आधी माणसाचं नाव, मग घराचा नंबर, गल्ली, गाव. तो ऐकून लगेच म्हणून दाखवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा आठवायचा. गुण पहिली चूक होईपर्यंतच. क्रम मोडला की पुढचं बरोबर असलं तरी धरायचं नाही. मूळ फॉर्मात कुणी गोरा साहेब होता. म्हटलं, या बिचाऱ्या म्हाताऱ्यांना साहेबाचं नाव कशाला, त्यांच्यातलं ओळखीचं घालू. तंजावरी घरांत दर दोन घरांआड सापडेल असं एक 'राव' लावलेलं नाव मी शोधून काढलं. पुढे चौदा नंबर, विहिरीची गल्ली, कुंभकोणम. स्वतःवर इतकी खूश झाले की घरी जाऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते कळेलच.

टी. नगरमध्ये साड्यांच्या दुकानांच्या मागच्या एका गल्लीत मामी राहायच्या. गल्लीत सगळे त्यांना मामी म्हणत, म्हणून मीही. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी तमिळ धाटणीने नेसलेली, नाकात दोन्हीकडे चमक्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या कचेरीत, सून बँकेत. दोघं सकाळी साडेसातला घर सोडत आणि त्याआधी मामींचा सगळा स्वयंपाक होऊन दोघांचे डबे भरलेले असत. दारावरच्या पाटीवर मुलाचं नाव आणि त्याच्याआधी तमिळ रीतीप्रमाणे बापाच्या नावाचं एक अक्षर. मी ते अक्षर वाचलं होतं. पुढचा विचार केला नाही.

मी बॅगेतून वजनकाटा काढला आणि म्हटलं, मामी, तुम्ही नेहमीसारखा स्वयंपाक करा, फक्त भांड्यात घालण्याआधी प्रत्येक जिन्नस यावर ठेवा. त्यांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या तिकडे असें मोजून रांधतात कां?"

"नाही हो, हे कामासाठी."

"असें मोजून रांधलें तर घरचे उद्यां जेवतील."

पण मोजू दिलं. मिरी तव्यावर परतताना त्या नाकाने वेळ सांगत. "आतां," म्हणत आणि तवा खाली. तुपात आधी हळद, मग मिरीपूड, मग कढीपत्ता, वर चिंचेचं पाणी. हळदीतलं द्रव्य एकटं अंगी लागत नाही, त्याला तूप आणि मिरी लागते, हे आम्ही प्रयोगशाळेत दोन वर्षं घालवून शिकलो होतो. मामींना ते कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाल्या, "मिरी नसली तर तें सार कसलें गे? तें पाणी." उडदाच्या पिठाच्या डांगराची दह्यातली पचडी, मेतकूट, आळण केलेला शेवग्याचा पाला, सगळं माझ्या वहीत उतरलं. मी हरखून गेले होते. मला हवं होतं ते सगळं या एका स्वयंपाकघरात होतं.

मग चाचणीसाठी बाहेरच्या खोलीत बसलो. भिंतीवर चंदनाचा हार घातलेला यजमानांचा फोटो, त्याच्याखाली मामींची खुर्ची. तारीख विचारली तर त्यांनी तिथी, वार आणि नक्षत्र सांगितलं. फॉर्मला तारीख हवी होती, मी फुली मारली. मग पत्ता वाचला. "आता म्हणून दाखवा."

मामींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "चौदा नंबर, विहिरीची गल्ली, कुंभकोणम."

"पहिल्यापासून म्हणा मामी. आधी नाव."

पुन्हा "चौदा नंबर." तीन वेळा वाचायची परवानगी होती, तीन वेळा वाचला. तीनही वेळा त्या नंबरापासून सुरू झाल्या, आणि तिसऱ्या वेळी जरा हसल्या. मला अजून दोन घरं गाठायची होती. मी शून्य लिहिलं. थोड्या वेळाने पुन्हा आठवायला सांगितलं तेव्हाही तेच, तिथेही शून्य. या पत्त्याला फॉर्मात फार वजन होतं. बेरीज केली तर मामी स्मृतिभ्रंश धरायच्या रेषेच्या खाली गेल्या. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. जाताना त्यांनी मला मेतकुटाची पुडी दिली आणि मी ती घेतली.

पुढचं सगळं व्यवस्थित, शिस्तीत झालं. त्याचाच मला जास्त संताप येतो. सरांनी सगळ्या घरांना आभाराची पत्रं पाठवायचं ठरवलं. गुळगुळीत कागद, संस्थेचा शिक्का, खाली निकाल. रेषेखालच्या घरांना सोबत एक माहितीपत्रक. ते माहितीपत्रक मराठीत मी लिहिलं, कॅन्टीनमध्ये कॉफी पिता पिता, दहा मिनिटांत. त्यातलं एक वाक्य असं होतं, "अशा व्यक्तीला स्वयंपाकघरात, विशेषतः गॅसजवळ, एकटं सोडू नये." सहज लिहिलं. सगळीकडे असतंच ते वाक्य.

सहा महिन्यांनी आहाराची दुसरी नोंद घ्यायला मी पुन्हा गेले. शनिवार होता, मुलगा आणि सून दोघं घरी होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. शेगडीला सिलिंडरच नव्हता. तो बाल्कनीत साखळीने बांधलेला. मसाल्यांचे डबे माळ्यावर चढवलेले. ओट्यावर केटररचा चार कप्प्यांचा डबा, वरच्या कप्प्यातून पातळ रसम ओघळलेलं.

मामी बाहेर टीव्हीसमोर होत्या. आवाज मोठा, पण त्यांचं लक्ष नव्हतं. हात मांडीवर ठेवलेले, नुसतेच. त्या हातांना मी कधी रिकामं बघितलं नव्हतं.

मुलाने मला बसवलं, पाण्याचा पेला दिला, आणि खालच्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आम्ही सगळं बंद केलं. वेळेवर कळलं, थँक्स." सून म्हणाली, "पन्नास वर्षं राबल्या, आता आराम करू देत." तिच्या बोलण्यात खोट नव्हती. दोघांनाही वाटत होतं की आपण आईला जपतोय. मी विचारलं, कधी गॅस चालू राहिला होता का, काही करपलं, काही सांडलं? मुलगा म्हणाला, "नाही. पण होईपर्यंत थांबायचं का?" पत्रकातलं ते वाक्य माझंच होतं.

मग मी मामींजवळ जाऊन बसले. टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांनी मला ओळखलं, जेवलीस कां विचारलं, आणि मी काही बोलण्याच्या आत म्हणाल्या, "तुझा तो पत्ता विचारायला आलीस? चौदा नंबर, विहिरीची गल्ली, कुंभकोणम."

सहा महिने झाले होते.

"आणि त्याच्या आधी मामी? नाव?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की या पोरीला काय म्हणावं. मग हनुवटीने वर भिंतीकडे खूण केली. फोटोकडे.

"आमच्या ह्यांचेंच नांव तूं त्या कागदावर घातलेंस. तें मी कसें घेऊं?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मज वाटलें तूं चेष्टा करतेस. म्हणून उरलेलें सांगितलें. तूं शून्य घातलेंस, तें बघितलें मी."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं. आग दुसऱ्या कुणावर नव्हती. माझी स्वतःची आजी मरेपर्यंत आजोबांना "घरातले" म्हणायची. पोस्टमनने नाव विचारलं तर आम्हा मुलांना पुढे ढकलायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे लग्नामुंजीत बायकांच्या मागे लागून उखाण्यात नाव घ्यायला लावतात, मी स्वतः दहा वेळा घेतलंय, आणि नवऱ्याला एकेरी हाक मारणारी मी, ते सगळं मागे पडलं असं धरून चालले होते. घरच्यासारखं वाटावं म्हणून घरचं नाव घातलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सोमवारी मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारलं, तुझ्या तमिळ फॉर्मात कुणाचं नाव आहे? म्हणाली, "एका लहान मुलीचं. पुरुषाचं घातलं तर अर्ध्या बायका अडतील." मला का नाही सांगितलंस? ती गोंधळली. "तुम्हाला माहीतच असेल असं वाटलं. तुमच्या लोकांत नसतं का?"

मग मी माझे सगळे फॉर्म काढले. ज्या ज्या बायका त्या पत्त्यापाशी अडल्या होत्या त्यांच्या घरी फोन लावले. वडिलांचं नाव काय, आजोबांचं काय, थोरल्या काकांचं काय. मुलगे हसून सांगत. कुणाच्या नवऱ्याचं ते नाव, कुणाच्या सासऱ्याचं, कुणाच्या थोरल्या दिराचं. जिथे ते नाव घरात नव्हतं तिथल्या बायकांनी पत्ता घडाघडा म्हटला होता. पुरुष तर एकही त्या नावापाशी अडला नव्हता. आणि सरांच्या टेबलावर तेव्हा शोधनिबंधाचा कच्चा खर्डा पडला होता. त्यात म्हटलं होतं, या समाजात स्त्रियांची स्मृती पुरुषांपेक्षा जास्त खालावलेली दिसते, आहार सारखाच असूनही. सरांना हा फार मोठा शोध वाटत होता.

मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माझी आईसुद्धा नाव घेत नसे." मला वाटलं, चला, माणसाला कळलं. पुढचं वाक्य आलं, "पण फॉर्म मंजूर झालेला आहे. आता मध्येच बदलला तर दोन वर्षांनंतरची तुलना कशाशी करायची? पुढच्या प्रकल्पात सुधारू."

"सर, ही मोजणी चुकीची आहे. बायका विसरलेल्या नाहीत. त्यांनी ते नाव घेतलं नाही, एवढंच."

"फॉर्मवर कारण लिहायला जागा नाही, मॅडम. उत्तर आलं की नाही एवढंच आहे."

"एका बाईचं स्वयंपाकघर बंद झालंय यापायी."

"ती त्या घराची बाब आहे."

तेव्हा मी मराठीत म्हणाले, तुमच्या त्या फॉर्मचा मुडदा बशिवला. सरांनी अर्थ विचारला. मी सांगितला नाही. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.

इथपर्यंत ऐकलं की लोकांना मी बरी वाटते. म्हणून पुढचंही सांगते. निबंध छापून आला, स्त्रियांबद्दलच्या त्या ओळीसकट, आणि त्यावर दुसरं नाव माझं होतं. मी काढून घेऊ शकत होते. पुढच्या वर्षी माझी बढतीची मुलाखत होती. मी स्वतःला सांगितलं की आत राहून सुधारणा करता येते. किती केली? शून्य.

मामींसाठी मात्र मी धडपडले, तेवढं खरं. सरांकडे दुसरं पत्र मागितलं, की निकालात चूक झाली आहे. ते सही करेनात. मग मीच टाइप केलं, माझी सही केली आणि रविवारी घेऊन गेले. मुलाने दोनदा वाचलं. "मॅडम, पहिल्या पत्रावर शिक्का आहे. यावर नाही." मी त्याला नावाची सगळी गोष्ट समजावली. तो म्हणाला, "हो, आई कधीच नाव घेत नाही. पण तारीखसुद्धा चुकली होती ना?" मी म्हटलं, तिथी बरोबर होती. तो म्हणाला, "उद्या काही झालं तर तुम्ही येणार आहात का घरी? आम्ही दोघं दिवसभर बाहेर." भीती खरी होती त्याची. पण ती भीती घरात मी नेऊन ठेवली होती आणि आता परत आणता येत नव्हती.

एकदा मी मामींना माझ्या घरी घेऊन आले, देवळात नेते असं सांगून. रिक्षात त्या एकदम तरतरीत बसल्या होत्या, दुकानं बघत, आणि रिक्षावाल्याला सिग्नलवरून टोमणे मारत. माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी सगळे डबे उघडून वास घेतले. "मिरी जुनी. हळद बरी आहे. तुझ्या गांवची कां?" मग त्यांनी सार केलं, भाजी केली, मेतकूट भाजलं. दोन तास मी बाजूला उभी होते, वही न घेता. त्यांनी काही विसरलं नाही. गॅस बंद केला आणि बंद केला का ते पुन्हा वाकून बघितलं, ते तर मीही करत नाही. जेवताना माझा नवरा तिसऱ्यांदा भात मागायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांस घरीं उपाशी ठेवतेस कां गे?"

परत सोडायला गेले तर त्यांच्या पदराला फोडणीचा वास. मुलाला कळलं. ओरडला नाही, पण त्यानंतर मामींना माझ्याबरोबर बाहेर पाठवणं बंद झालं. मी काही महिने रविवारी जात राहिले. टीव्हीसमोर बसायचं, त्या विचारत जेवलीस कां, मी म्हणायची हो. मग दर रविवारची फेरी दर महिन्याची झाली, मग सणाची झाली, मग काम फार आहे असं मी स्वतःला सांगू लागले. खरं म्हणजे त्यांचे ते हात बघवत नव्हते. ज्यांना बघवत नाही ते जात नाहीत, आणि ज्यांना जाता येत नाही ते तिथेच बसून राहतात.

मधल्या काळात एका कंपनीने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल काढल्या आणि सरांनी त्या आमच्या यादीतल्या घरांत वाटल्या. मुलगा आईला रोज एक देत असे, सकाळी केटररच्या इडलीनंतर, पाण्याबरोबर, अगदी न चुकता. तुपात हळद, मग मिरी, मग कढीपत्ता, हे सगळं माळ्यावर, आणि कॅप्सूल जिभेवर. हे बघून मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी एका रविवारी सुनेला झापलं. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, तुमच्याच संस्थेने दिलीय ना?"

दोन वर्षांनी दुसरी चाचणी आली. तोच फॉर्म, तोच पत्ता, तेच नाव. मी सरांना म्हटलं, या घरी दुसऱ्या कुणाला पाठवा. म्हणाले, पहिली ज्याने घेतली त्यानेच घ्यायची, नियम आहे. मी गेले.

मला माहीत आहे, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. कदाचित तो आजार तेव्हाच आत कुठे सुरू झाला असेल. कदाचित रोज सार केलं असतं तरी तो आलाच असता. मी हेच काम करते, मला हे कुणी समजावून सांगू नये. मी फक्त काय बघितलं ते सांगते.

मामी त्याच खुर्चीत होत्या, फोटोखाली. हडकलेल्या. नाकातल्या चमक्या काढलेल्या, कारण त्या ओढत राहायच्या असं सुनेने सांगितलं. त्या दिवशी सून घरी होती, मुलगा कचेरीत. मामींनी मला ओळखलं नाही, पण विचारलं, "जेवलीस कां?" तारीख विचारली, काही नाही. तिथी विचारली, मी होऊन, फॉर्मात नसताना. तीही नाही. आपण कुठल्या गावात आहोत? त्या खिडकीकडे बघत राहिल्या.

मग पत्ता आला. मला तो वाचायचा नव्हता. पहिला शब्द मी इतका हळू वाचला की माझा मलाच जेमतेम ऐकू आला. नंबर, गल्ली, गाव वाचलं. म्हटलं, "मामी, आता तुम्ही म्हणा."

मामींनी मान वर केली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. स्वच्छ, मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तसं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून तेच नाव पुन्हा घेतलं, हाक मारल्यासारखं, आणि उत्तराची वाट बघत राहिल्या.

सून दारात उभी होती. लग्न होऊन इतकी वर्षं ती त्या घरात होती आणि ते नाव तिने सासूच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

"पुढे मामी? नंबर?"

मामी माझ्याकडे बघून हसल्या. नंबर नाही, गल्ली नाही, कुंभकोणम नाही. मी तीन वेळा वाचला. तीनही वेळा त्यांनी नाव तेवढं घेतलं.

गुण पहिली चूक होईपर्यंत द्यायचे असतात. मागच्या वेळी त्या ओळीपुढे शून्य होतं. या वेळी मी एक लिहिला.